यंदाची सहल जुनापाणीला न्यावी

सहलीचा विषय निघाला की आपल्या शाळेत दोनच नावे येतात, रामटेक आणि महाराजबाग. रामटेकला जाऊ नये असे कोण म्हणेल? पण नागपूरहून काटोल रस्त्याने थोडे पुढे गेले की जुनापाणी लागते. तिथे मोठमोठ्या काळ्या धोंड्यांची रिंगणे आहेत. एक-दोन नव्हेत, सुमारे ३००! यंदा तिकडे जावे असे माझे स्पष्ट मत आहे.

पालक म्हणतील, "पैसे भरून पोरं दगडं पाहायला न्यायची का, गुरुजी?" लांबून पाहिले तर दगडच आहेत, खरे. पण अजिंठ्याची लेणीही कोरली नव्हती तेव्हा, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी, इथल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी ती रचली. मृताजवळ भांडी आणि लोखंडी हत्यारे ठेवायची, वर काळी माती नि गोटे घालायचे, भोवती धोंडे मांडायचे. हे धोंडे एकट्यादुकट्याने हलायचे नाहीत. पुष्कळ हात लागले असतील.

रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ साली या रिंगणांविषयी लिहिले. पुढे १९७० च्या सुमारास नागपूर विद्यापीठाचे शां. भा. देव यांनी जवळच माहूरझरीला उत्खनन केले. तिथे घोड्यांची हाडे मिळाली, आणि घोड्याला घालायचे तांब्याचे दागिनेसुद्धा! पोळ्याला आपण बैल सजवतो, तसा त्यांनी घोडा सजवला होता. पेंच नदीकाठी नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. पुस्तकातले लोहयुग मुले पाठ करतात. ते आपल्याच जिल्ह्यात होते हे कोणी सांगत नाही.

मात्र पावसाळ्यात जाऊ नये. गवत कमरेला लागते, रायमुनियाची झुडपे माजतात, धोंड्यांच्या फटीत साप-विंचू असतात. पौष-माघात गवत वाळले की रिंगण कसे डोळ्यांत भरते! पायात बूट, हातात काठी हवी. होकायंत्रही न्यावे, कारण काही धोंड्यांवर ओळीने खळगे कोरलेले आहेत आणि त्यांचा सूर्याच्या दिशांशी संबंध असावा असे काही संशोधक मानतात. मुलांनी रिंगण पावलांनी मोजावे. धोंड्यावर चढू नये, खडूने नाव लिहू नये, खापराचा तुकडासुद्धा खिशात घालू नये.

जुनापाणीला सरकारी संरक्षण तरी आहे. शेताशिवारातल्या रिंगणांना कोण विचारतो? ट्रॅक्टरला अडते म्हणून धोंडे बांधावर जातात, घराच्या पायात जातात, मुरमासाठी जागाच खणली जाते. शेतकऱ्याला नावे ठेवून काय उपयोग? त्याला पीक घ्यायचे असते आणि हे काय आहे ते त्याला कोणी सांगितलेले नसते. गुप्तधनासाठी रात्री खणणाऱ्यांचा मात्र मला राग येतो. एकदा खणले की कुठले भांडे कोणाजवळ होते ते पुन्हा कळत नाही, बरं का!

म्हणून सहलीहून आल्यावर सातवीच्या मुलांनी शाळेत एक वही घालावी. आपल्या शिवारात असे रिंगण दिसले तर गट नंबर, धोंड्यांची संख्या आणि पावलांनी मोजलेले माप तिच्यात लिहावे. शेतमालकाला विचारूनच शेतात शिरावे, आणि तो धोंडे हलवणार असेल तर आधी गुरुजींना येऊन सांगावे.