पायाखालचा विस्तव

विस्तव चुलीत असावा आणि काम आटोपताच विझवावा, अशी घरोघरची रीत आहे. झारखंड राज्यातील झरिया येथील विस्तव मात्र शंभरांहून अधिक वर्षे विझलेला नाही. आणि तो चुलीत नसून जमिनीच्या पोटात आहे. धनबाद शहराजवळचे हे गाव कोळशाच्या थरांवर वसले आहे. तेथील भौरा या खाणीत १९१६ साली प्रथम आग आढळली. आजही काही वस्त्यांत जमिनीच्या भेगांतून धूर निघतो, भिंतींना तडे जातात, आणि पाऊस पडला म्हणजे तापलेल्या भुईतून वाफेचे लोट उठतात. २०१७ साली तर एका बापलेकाच्या पायाखालची जमीन भर वस्तीत खचली आणि ते दोघेही आत गडप झाले.

हे सारे ऐकून परगावचा मनुष्य सहज विचारतो, “मग हे लोक तेथून उठून का जात नाहीत?” प्रश्न साधा दिसतो, परंतु त्यात नकळत सारा दोष तेथील रहिवाशांच्या माथी मारला जातो. ही आग त्यांनी लावलेली नाही.

कोळशाचा एक विलक्षण गुण असा, की हवा लागताच तो हळूहळू तापू लागतो. ती उष्णता बाहेर पडावयास वाट मिळाली नाही, तर काडी न लावताही तो पेट घेतो. झरियाच्या जुन्या खाणींत जमिनीखाली बोगदे खोदून कोळसा काढीत आणि छत तोलून धरण्यासाठी मध्ये कोळशाचेच खांब ठेवीत. काम संपल्यावर ते पोकळ बोगदे नदीच्या वाळूने भरून टाकावयास हवे होते. वाळू भरण्यास पैसा लागतो, कोळसा विकून पैसा मिळतो. तेव्हा पुष्कळ खाणमालकांनी दुसरे तेवढे केले आणि पहिले टाळले. खांब खचले, जमिनीस भेगा पडल्या, भेगांतून हवा आत शिरली. १९७१ ते १९७३ या काळात खाणी सरकारच्या ताब्यात आल्या, त्यांबरोबर आगीही आल्या. पुढे वरची माती दूर करून उघड्या खाणी खोदण्यात येऊ लागल्या. तेणेकरून जुन्या बोगद्यांस हवा मिळावयास आणखी वाव झाला.

या आगीच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड व सल्फर डायॉक्साईड हे विषारी वायू असतात. त्यांत भर पडते ती उघड्या खाणींच्या आणि मालमोटारींच्या धुळीची. वाळत घातलेले कपडे, झाकून ठेवलेले अन्न, झाडांची पाने, सर्वांवर तिचा थर बसतो. चंद्रपूर आणि वणी भागातील खाणींजवळच्या गावकऱ्यांस ही धूळ चांगलीच परिचित आहे. तिचे डोळ्यांस न दिसणारे कण फुफ्फुसांत खोल जाऊन बसतात. खोकला व दमा मागे लागतो. मुलांची फुफ्फुसे अजून वाढत असतात, म्हणून त्यांस अपाय अधिक.

आता त्या प्रश्नाकडे पुन्हा वळू या. लोकांस हलविण्याची मोठी योजना सरकारने २००९ साली मंजूर केली. बेलगडिया येथे नवी वसाहत बांधली गेली आणि हजारो कुटुंबे तेथे गेली. परंतु पुष्कळांस तेथे राहावयास खोल्या मिळाल्या, पोटास काम मिळाले नाही. झरियात कोणी हमाली करी, कोणी दुकानात राबे, तर कोणी सायकलीवर कोळशाची पोती लादून दूरच्या बाजारापर्यंत ती ढकलीत नेई. हा शेवटचा धंदा कायद्याचा नव्हे हे खरे. पण चूल पेटावयास त्यांच्यापाशी दुसरे साधन कोणते होते? धुरात राहावे तर छाती जाते, दूर जावे तर भाकरी जाते. अशा पेचात सापडलेल्या मनुष्यास हट्टी म्हणणे न्यायाचे नव्हे.

झरियाचा कोळसा साधा नाही. त्यापासून कोक तयार होतो, आणि मोठ्या झोतभट्टीत कोक घालून लोखंड गाळले जाते. आगगाडीचे रूळ, पुलांच्या तुळया, शेतकऱ्याचा नांगर यांत त्या मातीचा अंश आहे. कोळशाच्या किमतीत मजुरी धरतात, वाहतूक धरतात. तशीच बोगदे भरण्याची वाळू, गावातील दवाखाना आणि उठविलेल्या कुटुंबाचा रोजगारही प्रथमपासून धरावयास हवा होता. तो खर्च टळला नाही. फक्त झरियाच्या लोकांच्या नावे मांडला गेला.

२०२५ साली केंद्र सरकारने सुधारलेली योजना मंजूर केली. तिच्यासाठी सुमारे ५,९४० कोटी रुपये ठरले असून, या वेळी घरांबरोबर लोकांच्या उपजीविकेचाही विचार त्यात केला आहे. तो १९१६ पासून १०९ वर्षांनी झाला. बेलगडियात उतरणाऱ्या पुढच्या कुटुंबाच्या हातात घराच्या किल्लीबरोबर कामही पडते की नाही, हे झरियातील माणसे आता पाहत आहेत.