हाताच्या मापाचा माऊस

संगणक घ्यायचा म्हटला की आपल्याकडे घरात बैठक बसते. रॅम किती, प्रोसेसर कोणता, स्क्रीन केवढी, हप्ता किती पडेल, यावर आठवडाभर खल होतो. माऊसचा विषय मात्र कोणी काढत नाही. दुकानदार बिल करता करता एक माऊस पिशवीत टाकतो आणि तोच पुढची चार-पाच वर्षे आपल्या हातात राहतो. आठ-नऊ तास हात ज्या वस्तूवर असतो, ती आपण न बघता घेतो.

मी लिहितो, मुद्रिते तपासतो, पाने लावतो. माझ्या ओळखीतली कितीतरी मुले-मुली डीटीपी करतात, ई-सेवा केंद्रात उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांचे अर्ज भरतात किंवा घरी बसून डेटा एन्ट्रीचे काम घेतात. यातल्या बहुतेकांना पैसे पानामागे नाहीतर फॉर्मामागे मिळतात. मनगट दुखले की कामाचा वेग कमी होतो, आणि वेग कमी झाला की महिन्याची कमाई घटते. म्हणून माऊसचा विषय मला चैनीचा वाटत नाही.

मनियाराची आठवण इथे येतेच. मोहल्ल्यात बांगड्यांची पेटी घेऊन येणारा मनियार बाईला 'तुमचे माप काय' असे विचारत नसे. हात हातात घेऊन अंगठ्याच्या मुळाशी हलकेच दाबायचा, आणि सव्वादोनची बांगडी चढेल की अडीचची, ते त्याला कळायचे. एवढीशी काच, पण मापात असायची. संगणकाच्या दुकानात मात्र मी आजवर एकाही दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या हाताकडे बघताना पाहिलेले नाही. 'मोठा माऊस दाखवा' म्हटले तर तो गेमिंगचा, सात रंगांचे दिवे लागणारा माऊस पुढे करतो. 'तसा नको, साधाच, पण हातभर बसणारा' म्हटले की 'आजकाल सगळे हेच घेतात' असे उत्तर येते. सगळे तेच घेतात, कारण काउंटरवर तेवढेच ठेवलेले असते.

काउंटरवरचा हा माऊस मुळात लॅपटॉपच्या बॅगेत मावावा म्हणून लहान केलेला आहे. लॉजिटेकचा एम १८५ आपल्याकडे सर्रास दिसतो. त्याची लांबी साधारण १० सेंटिमीटर आणि उंची ४ सेंटिमीटरच्या आत. प्रवासात, अर्ध्या-पाऊण तासाच्या कामाला तो उत्तम आहे. पण मोठ्या पंजाच्या माणसाने तो दिवसभर वापरला तर तळहात टेकायला जागाच राहत नाही. बोटे आखडून, अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत तो धरावा लागतो. हालचाल सगळी मनगटातून होते आणि मनगट टेबलाच्या कडेवर घासत राहते. पूर्ण आकाराच्या माऊसवर तळहात विसावतो, बोटे सैल पडतात आणि हात कोपरापासून हलतो.

माप घेणे अवघड नाही. मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टी लावायची. उभ्या धरणीच्या माऊसमध्ये लॉजिटेकने १९ सेंटिमीटर ही सीमा धरलेली आहे. त्याच्या आतल्या हातांसाठी 'लिफ्ट' आणि त्यावरच्यांसाठी 'एमएक्स व्हर्टिकल'. दोन्हींचा कोन ५७ अंशांचा, म्हणजे हस्तांदोलनाला हात पुढे करावा तशी पकड. आडव्या माऊसमध्ये त्याच कंपनीचा एम ६५० दोन मापांत मिळतो. मोठ्या मापाचा जवळपास १२ सेंटिमीटर लांब आहे, मधला पावणेअकराच्या आसपास. सेंटिमीटरभराचा फरक कागदावर काहीच वाटत नाही, हाताला मात्र तो लगेच कळतो. एम ७०५ लांबीला मध्यम असला तरी रुंद आणि उंच आहे, त्यामुळे तळहात भरतो. कंपनी कोणतीही असो, खोक्यावरच्या विशेषणांपेक्षा हे मिलिमीटर वाचावेत. ऑनलाइन विकणारेही ते देतात, फक्त पानाच्या पार तळाशी.

आता सेलचा प्रश्न. इथे माझे मत ठाम आहे. ज्यात आपल्या हाताने सेल बदलता येतो तोच माऊस घ्यावा.

चार्जिंगवाले माऊस दिसायला आधुनिक असतात. एमएक्स मास्टर ३एस हा त्यातला नावाजलेला. एका चार्जमध्ये ७० दिवस चालतो असे कंपनी सांगते, हातात भरतोही छान. पण वजन १४१ ग्रॅम, आणि आतली बॅटरी काही वर्षांनी दमली की सामान्य माणसाला ती सहज बदलता येत नाही. बटणे शाबूत, चाक शाबूत, आणि केवळ बॅटरीपायी अख्खी वस्तू कचऱ्यात. आमच्याकडे याला इस्राफ म्हणतात. वुजूच्या पाण्यापासून लग्नाच्या दावतीपर्यंत इस्राफवर बयान ऐकत आपण मोठे झालो, मग टेबलावरच्या वस्तूलाच तो नियम का नसावा? ॲपलने तर २०१५ साली मॅजिक माऊसला चार्जिंगचे तोंड पोटाखाली दिले. म्हणजे चार्जिंगला लावला की माऊस उताणा, काम बंद.

याउलट एम ७०५ दोन पेन्सिल सेलवर ३ वर्षांपर्यंत आणि एम ६५० किंवा एम ७२० एकाच सेलवर २ वर्षांपर्यंत चालतो असे कंपनीचे म्हणणे आहे. हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. दिवसभर काम करणाऱ्याने त्याच्या निम्मे धरून चालावे. निम्मे धरले तरी वर्ष निघते.

मग अनेकांचा सेल दोन-तीन महिन्यांत का संपतो? बऱ्याचदा दोष माऊसचा नसून सेलचा असतो. किराणा दुकानात दहा-पंधरा रुपयांना मिळणारा पेन्सिल सेल जस्त-कार्बनचा असतो. त्यावर मोठ्या अक्षरांत 'हेवी ड्यूटी' लिहिलेले असते आणि नेमका तोच सगळ्यांत अशक्त! घड्याळाला, टीव्हीच्या रिमोटला तो पुरतो. माऊससाठी ज्यावर 'अल्कलाइन' असे स्पष्ट छापले आहे तो घ्यावा. दर जास्त पडतो, पण महिन्यांत हिशेब केला की स्वस्तच. पुन्हा चार्ज होणारे निकेलचे सेलही चालतात. फक्त त्यांचा दाब दीडऐवजी १.२ व्होल्ट असतो, म्हणून सेल भरलेला असूनही एखादा माऊस बॅटरी उतरल्याचा लाल दिवा दाखवतो. त्याने घाबरू नये.

दुसरे कारण पृष्ठभाग. माऊसच्या पोटातला सेन्सर खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला शेकडो-हजारो फोटो काढतो आणि एकाची दुसऱ्याशी तुलना करून तुमचा हात कुठे सरकला ते ठरवतो. काचेच्या किंवा चकचकीत सनमायकाच्या टेबलावर त्याला धरायला खूणच सापडत नाही. बाण उड्या मारतो आणि आपण 'माऊस गेला' म्हणून मोकळे होतो. साधा कापडी पॅड टाकला की बाण ठिकाणावर येतो. तिसरी गोष्ट पोर्टची. छोटा रिसीव्हर यूएसबी ३ च्या, बहुधा निळ्या रंगाच्या पोर्टात किंवा त्याला लागून असेल, आणि शेजारी हार्ड डिस्क चालू असेल, तर तिथून निघणारा विद्युत गोंगाट माऊसच्या २.४ गिगाहर्ट्झच्या संदेशात अडथळा आणतो. रिसीव्हर दुसऱ्या पोर्टात किंवा छोट्या एक्स्टेन्शन वायरवर लावला की बाण अडखळायचा थांबतो. ई-सेवा केंद्रात अंगठ्याचे यंत्र, स्कॅनर, प्रिंटर अशी गर्दी असते, तिथे हे हमखास घडते.

मला कोणी म्हणेल, मग वायरचाच माऊस का नको? प्रश्न रास्त आहे. टेबल मोकळे असेल आणि संगणक एका जागी असेल तर पूर्ण आकाराचा वायरचा माऊस हा पैशाच्या हिशेबाने सर्वांत शहाणपणाचा सौदा आहे. सेल नाही, रिसीव्हर हरवण्याची भीती नाही. पण ज्या टेबलावर अर्जांचे गठ्ठे, रबरी शिक्के आणि चहाचा ग्लास एकत्र नांदतात तिथे वायर सतत कशात तरी अडकते, आणि अडकलेली वायर हाताला हिसका देत राहते. आमच्या कामात तरी बिनवायरचा माऊस सोयीचा पडतो.

डावखुऱ्यांची गोष्ट वेगळीच. उजव्या हाताने जेवायचे हा आमच्या घराघरातला अदब आहे आणि तो मला प्रिय आहे. पण माऊस हा काही घास नव्हे. तरी डाव्या हाताने माऊस धरणाऱ्या मुलीला क्लासमध्ये 'सीधे हाथ से' म्हणून टोकताना मी ऐकले आहे. विंडोजमध्ये डावे-उजवे बटण आपसात बदलायची सोय कधीपासूनची आहे. दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराचा माऊस कोणत्याही हाताला चालतो, आणि एम ६५० च्या मोठ्या मापात तर खास डाव्या हाताचाही निघाला आहे. उजव्या हातालाही मधूनमधून सुट्टी द्यायला हरकत नाही. साध्या क्लिकची कामे डाव्याने करायची सवय दोन आठवड्यांत लागते.

राहता राहिला पैशांचा मुद्दा, आणि माझी खरी तक्रार इथेच आहे. केंद्राचा मालक मशीनवर पन्नास हजार घालतो, वर बोर्ड लावतो, एसी बसवतो, आणि माऊस सर्वांत स्वस्त आणतो. मनगटाला क्रेप बँडेज बांधून काम करणारी मुलगी मात्र दवाखान्याचे पैसे पदरचे भरते. शिलाईच्या कारखान्यात बोथट कात्री देऊन कारागिराकडून सफाईदार कटिंगची अपेक्षा कोणी करत नाही. चांगला माऊस दोन-तीन हजारांत येतो, तीन-चार वर्षे चालतो. महिन्याला पडणारी रक्कम त्या केंद्रातल्या एका दिवसाच्या चहापेक्षा कमी भरेल. ती मालकानेच भरली पाहिजे, कामगाराच्या मजुरीतून कापून नव्हे.

मोहल्ल्यातले ट्रस्ट आणि मशिदींच्या कमिट्या संगणकाचे वर्ग चालवतात, देणगीतून एकदम दहा-बारा माऊस घेतात, आणि सगळे एकाच मापाचे. बारा वर्षांच्या मुलाला आणि मोठ्या पंजाच्या तरुणाला तोच. पुढच्या वेळी खरेदी करताना चार लहान, सहा मोठे आणि दोन दोन्ही हातांना चालणारे घ्यावेत, घाऊक दरात फारसा फरक पडत नाही. सोबत अल्कलाइन सेलचे एक पाकीट आणि कापडी पॅड. आणि रमजानमध्ये वर्ग महिनाभर बंद राहणार असतील तर सेल काढून एका डबीत ठेवावेत. आत राहिलेला सेल पाझरला की त्याची पांढरी भुकटी स्प्रिंग खाऊन टाकते.