किल्ली कुणाच्या कनवटीला?

दिवाळीच्या दिवसांत भांडण उकरून काढू नये, असे घरची वडीलधारी मंडळी सांगतात. पण वाचकहो, चकलीला थोडे तिखट नसेल तर ती चकली कसली? तेव्हा फराळाच्या ताटात माझीही एक तिखट चकली वाढून घ्या. माझे भांडण कुणा माणसाशी नाही. एका वाक्याशी आहे. ते वाक्य असे: “साधन ते साधन, त्याला कसली आली आहेत तत्त्वे?”

हे वाक्य मी ऐकले ते आमच्या कळसला, वाचनालयाच्या ओट्यावर. आमचे वाचनालय ते केवढे! दोन खोल्या, चार कपाटे आणि एक पंखा. तोही मनात येईल तेव्हा फिरणारा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी त्याचा चिटणीस आहे. ज्यांनी ते उभे केले त्यांनी दोनच नियम घालून दिले होते. देणगीदाराच्या नावाची पाटी लावायची नाही, आणि कोण कोणते पुस्तक नेतो हे बाहेर बोलायचे नाही. दुसऱ्या नियमाचे मोल शहरातल्या माणसाला चटकन कळायचे नाही. चाळिशीत दहावीचा अभ्यास पुन्हा सुरू करणारी बाई आमच्याकडे येते ती या नियमाच्या भरवशावर.

तर एके दिवशी शहरातून एक तरुण आला. मोठा गोड मुलगा! मांडीवर लॅपटॉप उघडून म्हणाला, “गुरुजी, फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, सगळे एकाच ठिकाणाहून चालेल. महिन्याचे संदेश एकदाच भरून ठेवायचे. ठरल्या वेळी ते आपोआप निघतील. पहिले सहा महिने फुकट!” मी विचारले, “आणि किल्ली?” “ती आमच्याकडे राहील. तुम्हांला कशाला त्रास? सभासदांची नावे आणि फोन नंबर तेवढे द्या.” मी कुरकुरलो. तेव्हा समितीतलेच एक गृहस्थ ते वाक्य बोलले, आणि मी गप्प बसलो. ते गप्प बसणे हा माझा गुन्हा. तो मी आधीच कबूल करतो.

पहिले काही महिने गंमत वाटली. ज्या गावाने पावसाची वाट पाहण्यात जन्म घालवला, त्याच्या वाचनालयाच्या पानावर रोज सकाळी बर्फाचे डोंगर ‘सुप्रभात’ म्हणू लागले! आम्ही हसलो. मग गेल्या वर्षीची वसुबारस उजाडली. त्या पहाटे आमचे जुने ग्रंथपाल वारले. चाळीस वर्षे त्यांनी पुस्तकांवरची धूळ झटकली होती. गावात अजून चूल पेटली नव्हती, आणि बरोबर नऊ वाजता प्रत्येक सभासदाच्या फोनवर वाचनालयाचा संदेश आला: “आज आनंदाचा दिवस!” तो त्यांच्या लेकीच्याही फोनवर आला. मी शहरात फोन लावला. कचेरीला दिवाळीची सुट्टी. संध्याकाळी तोच संदेश दुसऱ्यांदा आला. किल्ली शहरात, आणि प्रेत आमच्या दारात! तिसऱ्या दिवशी ती लेक मला एवढेच म्हणाली, “गुरुजी, बाबा गेल्याचा वाचनालयाला आनंद झाला का हो?”

आता सांगा, साधनाला तत्त्वे नसतात?

खरे तर हे आम्हां शेतकऱ्यांना कुणी शिकवायला नको. ऊस कुणाच्या काट्यावर वजन होतो, दुधाची फॅट कुणाच्या यंत्राने मोजली जाते, यावरून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भांडत आलो आहोत. काटा तोच, लोखंडही तेच. पण तो कुणाच्या ताब्यात आहे यावर घरची दिवाळी ठरते. आमच्या शेजारच्या बारामती तालुक्यातले सुपे आठवा. १२ मे १८७५ रोजी, भर बाजाराच्या दिवशी, तिथल्या शेतकऱ्यांचा संताप फुटला, आणि त्या संतापाचा रोख होता सावकारांच्या वह्यांवर आणि कर्जरोख्यांवर. कागद हिसकावले, त्यांची होळी केली. कागदावरच राग का? तर आपल्याविषयी काय लिहिले आहे ते आपल्याला वाचता येत नाही, आणि ज्याच्या हाती वही त्याच्या हाती आपली मान, हे त्यांना पुरते कळले होते. पुढे १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. आज आपण फोनवर न वाचता ‘मान्य आहे’ हे बटण दाबतो. तो अंगठा नव्हे तर काय? फरक इतकाच, की तेव्हाचा शेतकरी निरक्षर होता. आपण पदवीधर आहोत.

कुणी म्हणेल, गुरुजी खेड्यातले, राईचा पर्वत करतात. मग थोडे जग पाहू. कॅनडात हूटसूट नावाची कंपनी आहे. संस्थांची समाजमाध्यमांवरची खाती सांभाळण्याची साधने पुरवणे हाच तिचा धंदा. स्थलांतरितांची धरपकड करणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याशी तिने करार केल्याचे २०२० च्या सप्टेंबरात तिच्याच एका कर्मचाऱ्याने उघड केले. कंपनीत दुफळी माजली आणि अखेर प्रमुखाने करार सोडल्याचे जाहीर केले. साधनाला तत्त्वे नसतात, तर ते बनवणाऱ्यांतच हे भांडण का पेटले? आपल्याकडेही, व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या गोपनीयता धोरणाबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०२४ च्या नोव्हेंबरात मेटा कंपनीला २१३ कोटींहून अधिक दंड ठोठावला.

“मग स्वदेशी घ्या!” असे एक उत्साही मित्र म्हणाले. घ्या की! पण नुसत्या शिक्क्याने भागत नाही. ‘कू’ हे आपल्याच देशातले माध्यम २०२० मध्ये निघाले आणि २०२४ च्या जुलैत बंद पडले. तेव्हा प्रश्न देशी-विदेशीचा जितका आहे, तितकाच ‘उद्या दुकान बंद झाले तर माझे सामान मला परत मिळेल का?’ हाही आहे.

दुसरा आक्षेप खरा आहे, आणि मी तो टाळणार नाही. गरीब संस्थेला निवड कुठली? सारा गाव व्हॉट्सॲपवर असताना आम्ही काय दवंडी पिटायची? नाही, आम्हीही व्हॉट्सॲप सोडलेले नाही. पण गरिबी हे तत्त्व विकण्याचे कारण होत नाही. मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये ‘दीनमित्र’ सुरू केले आणि नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ते कितीतरी वर्षे चालवले, छापखानाही खेड्यातच! ज्यांची गाऱ्हाणी मांडायची त्यांच्यात बसूनच ती छापायची, हा त्यांचा हिशेब. साधन संस्थेच्या शीलाला शोभेल असे निवडणे म्हणतात ते हे.

आम्ही काय केले तेही सांगतो. त्या तरुणाचा करार मोडला, आणि सभासदांची यादी पुसल्याचे त्याच्याकडून लेखी घेतले. आता किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, एक ग्रंथपाल मुलीकडे, दोन्ही गावातच. आपोआप काही जात नाही. पाठवण्यापूर्वी जिवंत माणूस एकदा गावाकडे पाहतो. शाळकरी मुलांचे फोटो पालकांना विचारल्यावाचून लावत नाही. मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती २०२३ च्या कायद्यानेही सांगितली आहे. पण आमच्या ओट्याला ती कायद्याआधी समजायला हवी होती. संदेश कमी झाले, ‘लाइक’ घटले. गेल्या महिन्यात एक बाई मात्र म्हणाली, “गुरुजी, माझे नाव कुठे जात नाही ना? मग दहावीचे गणित द्या.”

वाचकहो, आपापल्या मंडळाला, पतपेढीला, शाळेला यंदा पाडव्याच्या मुहूर्तावर एवढेच विचारा: किल्ली कुणाच्या कनवटीला आहे? उत्तर देताना कुणी अडखळले, तर समजा की पाया घालायचा राहिला आणि नुसता कळस चढवला. कळसच्या माणसाने हे सांगावे, यात तुम्हांला हसू आले तर हसा. पण विचारा मात्र जरूर.