हिंस्र माशांचे शेजारी

वाणगावहून आमच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. घरात चौदा माणसे, त्यांत मुले सहा. मुलांच्या हट्टाखातर दिवाणखान्यात तीन फूट लांबीची काचेची टाकी आणली. दुकानदाराने तीत दहा गप्पी, एक गोल्डफिश आणि बोटाएवढे दोन ऑस्कर घालून दिले. चार महिन्यांत गप्पी एकामागून एक नाहीसे झाले, गोल्डफिशच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या, आणि टीचभर झालेले ऑस्कर आता एकमेकांवर धावून जातात. ‘असली कत्तल माझ्या घरात नको,’ असे आजेसासूबाईंनी बजावले आहे. धाकटे दीर म्हणतात, ओढ्यातून एक मरळ आणून सोडू, म्हणजे दोघांची खोड मोडेल. तेव्हा सोबतीस कोणता मासा द्यावा, अशी पृच्छा आहे.

प्रथम ऑस्करवरील दोषारोप दूर केला पाहिजे. हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मासा. वाढून फूटभर होतो. तोंडात मावेल ते अन्न, एवढाच त्याचा न्याय. गप्पी हे त्याचे सोबती नव्हतेच. तो त्याचा शिधा होता. सबब सोबती निवडताना त्याचा स्वभाव गरीब की तापट हे मागाहून पाहावे; आधी ऑस्करच्या जबड्याची रुंदी पाहावी, आणि तीही आजची नव्हे, वर्षभरानंतरची.

भूक एक, राग दुसरा. ऑस्कर सिक्लिड कुळातला. आपल्या कोकणच्या खाड्यांतले कालुंदरही त्याच कुळातले. हे मासे तळाचा तुकडा आपला मानतात, आणि त्यांचा रोष बहुधा आपल्यासारख्याच दिसणाऱ्यावर अधिक असतो. कोनराड लोरेंट्स या शास्त्रज्ञांनी (यांना 1973 साली नोबेल पारितोषिक मिळाले) 1963 च्या आपल्या ग्रंथात एक गमतीचा अनुभव नोंदला आहे. सिक्लिडांची एकच जोडी टाकीत ठेवली तर नर मादीलाच मारावयास उठतो. मध्ये काच घालून पलीकडे दुसरी जोडी ठेवली की दोन्ही बिऱ्हाडे काचेतून शेजाऱ्यांवर राग काढतात आणि घरात शांतता नांदते. काचेवर शेवाळ साचून शेजारी दिसेनासे झाले की नर पुन्हा पत्नीशी उर्मटपणा करू लागे; त्यावरून काच पुसण्याची वेळ झाली हे कळे! एकत्र कुटुंबातील वाचकांनी यावरून काय घ्यावयाचे ते त्यांनीच ठरवावे.

मरळ मात्र आणू नये. तो हवेत श्वास घेतो, झाकण नसेल तर उडी मारून जमिनीवर येतो, ओढ्यातले परोपजीवी सोबत आणतो, आणि वाढला म्हणजे ऑस्करलाच गिळण्याच्या योग्यतेचा होतो. सकर मासा पुष्कळजण सुचवितात. आम्हांस तो पसंत नाही. त्याच्या परांचे काटे मोठ्या माशाच्या घशात अडकतात. शिवाय कंटाळा आला की लोक तो तळ्यात सोडून देतात. कित्येक राज्यांच्या पाण्यात त्याने असेच बस्तान बसविले आहे. आमचे मत सिल्व्हर डॉलरला आहे. अंगाने उंच व चपटा असल्याने तो जबड्यात मावत नाही, पोहण्यात चपळ, आणि शाकाहाराकडे ओढा असलेला. पाच-सहा आणावेत, तेही हाताच्या पंजाएवढे वाढलेले. सोडताना टाकीतील दगडांची मांडणी बदलावी व दिवा मालवावा. जुन्या माशाच्या हद्दी मोडतात आणि सर्वांनाच नव्याने घर मांडावे लागते.

पण हे तीन फुटांत जमावयाचे नाही. एका ऑस्करलाच चार फूट लांब, दीड फूट रुंद व पावणेदोन फूट उंच टाकी, म्हणजे सुमारे 300 लिटर पाणी हवे. सोबत्यांसाठी त्याहून मोठी. एवढ्या पाण्याचेच वजन 300 किलो होते, हे दिवाणखान्यातील फडताळावर टाकी ठेवण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. जागा नसेल तर एकटा ऑस्कर मजेत राहतो, आणि माणसेही ओळखू लागतो. फ्लॉवरहॉर्न तर एकटाच ठेवावा. त्याला शेजारी सोसत नाही.

आजेसासूबाईंच्या म्हणण्याला आमचा पाठिंबा आहे. जिवंत मासे खाऊ घालण्याची मुळीच आवश्यकता नाही. गोल्डफिशच्या अंगात ब-1 जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते, त्यामुळे नित्य तेच खाणारा मासा आजारी पडतो. दुकानातील गोळ्या पुरतात. त्या गोळ्यांत मासळीची पूड असते, हे मात्र त्यांच्यापासून लपवू नये.

तूर्त दोन ऑस्करांमध्ये भोके पाडलेला प्लास्टिकचा पडदा घालावा, व एकासाठी दुसरे घर किंवा परत घेणारे दुकान शोधावे. विहिरीत वा ओढ्यात सोडू नये. गोल्डफिश आजच बाहेर काढून सावलीतल्या रुंद टाकीत ठेवावा, पाणी वरचेवर बदलावे. शेपटीचे बूड शाबूत असेल तर ती पुन्हा फुटेल.