मुक्या अवयवाचा हिशेब



चार दानांपैकी औषधदानाला आपल्या समाजाने फार मोठे मूर्त रूप दिले आहे. गावोगावच्या धर्मार्थ दवाखान्यांच्या पाट्या त्याची साक्ष देतात. अलीकडे डायलिसिस यंत्र भेट देण्याची प्रथा रूढ होत आहे आणि ती स्तुत्यच आहे. परंतु रुग्ण त्या यंत्रापाशी येण्यापूर्वी जी वर्षे निघून गेलेली असतात, त्यांचा विचार विश्वस्तांच्या बैठकीत क्वचितच होतो. या वेळी त्याच वर्षांविषयी, आणि ज्यांचा उल्लेखही आपण टाळतो अशा मुलांविषयी लिहावयाचे योजिले आहे. ही मुले म्हणजे आईकडून एच.आय.व्ही.चा संसर्ग घेऊन जन्मलेली बालके.

उपचारांअभावी यांतील पुष्कळ बालके पूर्वी दुसरा वाढदिवसही पाहत नसत. १ एप्रिल २००४ पासून सरकारी ए.आर.टी. केंद्रांत मोफत औषधे मिळू लागली आणि २००६ च्या अखेरीस मुलांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. आज ही मुले दहावीला बसतात, नोकरीस लागतात. आयुष्य लांबले, म्हणूनच मूत्रपिंडाची काळजी पुढे आली.

या विषाणूमुळे होणाऱ्या मूत्रपिंडविकाराचे वर्णन १९८४ मध्ये न्यूयॉर्क व मायामी येथील डॉक्टरांनी प्रथम केले. विषाणू मूत्रपिंडाच्या पेशींतच शिरतो, तेथील सूक्ष्म चाळणी सैल पडते आणि रक्तातील प्रथिने लघवीवाटे वाहून जाऊ लागतात. आफ्रिकन वंशाच्या लोकांत हा विकार अधिक का, याचे उत्तर २०१० मध्ये एका विशिष्ट जनुकात सापडले. आपल्याकडे तो उग्र प्रकार कमी आढळतो. पण कमी आढळतो म्हणून तपासूच नये, असा अर्थ काढणे चूक आहे. उशिरा सुरू झालेले उपचार, वारंवार होणारे जंतुसंसर्ग आणि काही औषधे हीदेखील मूत्रपिंडाला इजा करतात.

मूत्रपिंड हा मुका अवयव आहे. तो दुखत नाही. सकाळी पापण्या सुजणे, लघवीला फेस येणे ही चिन्हे दिसतात तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते. त्यात एक फसवा आकडा असतो, तो व्यापारी वाचकांना चटकन उमगेल. समजा आठ वर्षांच्या मुलाचे रक्तातील क्रिएटिनिन ०.८ आले. प्रौढांच्या मोजपट्टीने हा आकडा निर्धोक. परंतु बालरोगतज्ज्ञ उंचीला ०.४१३ ने गुणून क्रिएटिनिनने भागतात. या मुलांची वाढ अनेकदा खुंटलेली असते. उंची ११० सेंटिमीटर असेल, तर उत्तर येते सुमारे ५७. निरोगी मुलात ते ९० च्या वर हवे. म्हणजे अहवालावर ‘नॉर्मल’ लिहिलेले असतानाच भांडवलाचा मोठा हिस्सा खर्ची पडलेला असतो! उंची न मोजता केवळ रक्ताचा कागद पाहणे म्हणजे माल न मोजता बिल पास करणे होय.

उपचार आहेत. विषाणू दाबून ठेवणारी नियमित औषधे हाच मूत्रपिंडरक्षणाचाही मुख्य मार्ग. प्रथिनांची गळती कमी करण्यासाठी डॉक्टर रक्तदाबाच्या गटातील काही गोळ्या देतात. थोडी मोठी झालेल्या मुलांना दिले जाणारे टेनोफोव्हिर हे उत्तम औषध काही जणांच्या मूत्रनलिकांना बाधते. फॉस्फेट वाहून जाते, हाडे ठिसूळ होतात. अशा वेळी पर्यायी औषध देता येते, मात्र तो निर्णय डॉक्टरांचा. भीतीपोटी गोळी स्वतःहून बंद करणे सर्वांत घातक. उलट डोल्युटेग्रॅव्हिर सुरू केल्यावर क्रिएटिनिन किंचित वाढते, त्यात मूत्रपिंडाला इजा नसते. हेही पालकांना कोणी सांगितले पाहिजे.

आपल्यातील अनेक बंधू औषधविक्रीच्या व्यवसायात आहेत. अंगदुखीसाठी चिठ्ठीविना दिली जाणारी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची पट्टी टेनोफोव्हिर घेणाऱ्या मुलाचे मूत्रपिंड अल्पावधीत निकामी करू शकते. गल्ल्यावरून गोळी देण्यापूर्वी ‘रोजचे कोणते औषध चालू आहे?’ एवढे विचारावे. आजाराचे नाव विचारण्याचे कारण नाही.

उपवासाचेही तसेच. मूत्रनलिका दुबळ्या झालेल्या मुलाच्या शरीरातून पाणी अधिक जाते. त्याला निर्जळ उपवास घडवू नये, आणि चौविहारामुळे औषधाची वेळ चुकत असेल, तर दिवसातील सोयीची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. रुग्ण बालकाचे तप त्याच्या देहाला झेपेल तेवढेच असावे, हे कोणतेही मुनिराज सांगतील, असे मला वाटते.

आता आपल्या शाळा आणि बोर्डिंगांविषयी. २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. त्यानुसार प्रवेशासाठी ही चाचणी मागता येत नाही, संसर्गामुळे प्रवेश नाकारता येत नाही आणि कोणाची स्थिती त्याच्या संमतीविना उघड करता येत नाही. एका ताटात जेवल्याने, एका खोलीत झोपल्याने हा संसर्ग होत नाही. तरीही दबक्या आवाजातील चौकशी चालू राहते आणि मूल औषधाची बाटली गादीखाली लपवू लागते. लपवलेली गोळी चुकते. चुकलेल्या गोळीचा भार पुढे मूत्रपिंडावर पडतो. अभयदान या शब्दाचा इतका रोकडा अर्थ अन्यत्र मला दिसलेला नाही.

म्हणून विश्वस्तांना एक सूचना. पुढील आरोग्य शिबिरात बोर्डिंगमधील सर्वच मुलांची उंची, वजन, लहान मुलांच्या पट्ट्याने मोजलेला रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने तपासावीत. लघवीत बुडवावयाची कागदी पट्टी अत्यल्प किमतीची असते. सर्वांचीच तपासणी झाली की कोणाकडे बोट दाखविले जात नाही, आणि ज्या मुलात दोष आढळेल त्याचा कागद बंद पाकिटात फक्त पालकांच्या हाती द्यावा.