दोन पुतळे

शरद ऋतूत स्कॉटलंडमधील इनव्हर्नेसहून मोटारीने उत्तरेला निघाले, की गोल्स्पीच्या डोंगरमाथ्यावर एक उंच पुतळा दिसतो. तो सदरलँडच्या पहिल्या ड्यूकचा, म्हणजे जमीनदाराचा. पुढे समुद्रकाठी हेल्म्सडेल हे छोटे गाव लागते. त्यामागच्या किल्डोनन खोऱ्यातून १८१३ आणि १८१९ साली मेंढ्यांच्या कुरणांसाठी कुळांना घरांतून हुसकावले. काहीजण कॅनडाला गेले. त्यांचे वंशज आज पूर्वजांचे गाव शोधत येथे येतात.

येथे २००७ साली दुसरा पुतळा उभा राहिला: बाप, मुलगा आणि तान्हे बाळ उराशी धरून मागे वळून पाहणारी आई. ड्यूक दुरूनच दिसतो. माणसे थांबतात ती या आईपाशी.

आपल्या आजोबांनी गाव का सोडले, हे मुलांना जरूर सांगा.