टॉपर आणले म्हणजे टीम होत नाही, बॉस!

कल्पना करा. वर्षभर तुमच्या कंपनीचा परफॉर्मन्स सगळ्यात भंगार, टार्गेटची पार वाट लागलेली. आणि वर्षाच्या शेवटी बक्षीस काय? तर देशातला सगळ्यात हुशार फ्रेशर उचलायचा पहिला चान्स तुम्हाला! मस्त ना?

अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची लीग, म्हणजे एनएचएल, साधारण अशीच चालते. आपल्या आयपीएलमध्ये बोली लागते, तिकडे 'ड्राफ्ट' असतो. अठरा वर्षांच्या आसपासची पोरं सगळ्या टीम्स आळीपाळीने निवडतात, सात राउंड्समध्ये. तळाच्या टीम्सना संधी आधी. पहिला नंबर लॉटरीने ठरतो, पण त्यातही जास्त चान्स तळातल्यांनाच. त्यामुळे फॅन्सचं एक लाडकं लॉजिक असतं : दोन-चार वर्षं हरू देत, टॉपर जमा होतील, मग बघाच!

कॅनडातल्या एडमंटन ऑयलर्सकडे असे टॉपर खरंच जमा झाले. २०१०ला टेलर हॉल, २०११ला रायन न्यूजंट-हॉपकिन्स, २०१२ला नेल याकुपोव्ह. सलग तीन वर्षं पहिला नंबर, हॅटट्रिकच! आणि रिझल्ट? २००६च्या सीझनपासून २०१६पर्यंत सलग दहा वर्षं प्लेऑफच्या बाहेर. २०१५ला पुन्हा पहिला नंबर लागला आणि कॉनर मॅकडेव्हिड हाती आला, तेव्हा कुठे २०१७मध्ये प्लेऑफचं तोंड दिसलं.

घोळ कुठे झाला? तिघेही टॉपर गोल करणारे, फॉरवर्ड. गोल अडवणार कोण? शेवटी २०१६मध्ये हॉलला न्यू जर्सीला देऊन अॅडम लार्सन हा डिफेन्समन घ्यावा लागला. आणि २०१८मध्ये लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान कुणाला? न्यू जर्सीच्या हॉलला! याकुपोव्ह मात्र २०१८नंतर एनएचएलमध्ये दिसलाच नाही.

दुसरी गोष्ट, अठराव्या वर्षी कुणाचं भविष्य कळतं हो? डेट्रॉइटने निकलस लिडस्ट्रॉमला १९८९मध्ये ५३व्या नंबरवर घेतलं, हेन्रिक झेटरबर्गला १९९९मध्ये चक्क २१०व्या! २००८चा स्टॅन्ले कप जिंकला तेव्हा लिडस्ट्रॉम कॅप्टन होता आणि झेटरबर्ग प्लेऑफचा हीरो.

म्हणजे ड्राफ्ट फालतू? मुळीच नाही. मॅकडेव्हिड ड्राफ्टमधूनच मिळाला. पण २०२४ आणि २०२५, दोन्ही फायनल्समध्ये त्याच्या ऑयलर्सना फ्लोरिडा पँथर्सने हरवलं. फ्लोरिडाचं गणित बघा. बारकोव्ह आणि एकब्लाड हा पाया ड्राफ्टचा. गोलकीपर बोब्रोव्हस्की २०१९मध्ये करार संपल्यावर बाहेरून आणलेला, टकाचक २०२२मध्ये अदलाबदलीत घेतलेला. आणि फोर्सलिंग? त्याला २०२१मध्ये दुसऱ्या क्लबने सोडून दिलं होतं, यांनी फुकटात उचललं.

ड्राफ्ट खेळाडू देतो, टीम नाही. टीम बांधायला हिरा ओळखणारी नजर लागते, योग्य जागी योग्य माणूस लागतो आणि पोरांना सांभाळून घेणारे सीनियर्स लागतात. ते नसतील तर अठरा वर्षांचा मुलगा पहिल्या दिवसापासून अख्ख्या शहराचं ओझं वाहतो आणि हरायची सवय लावून घेतो.

तेव्हा पुढच्या कॅम्पस प्लेसमेंटला टॉपर जरूर घ्या. फक्त एक विचारा : त्याच्या शेजारच्या खुर्चीत कोण बसणार आहे?